बैलाला टोचली, धन्याला कधी?



आगरदांड्याच्या धक्क्यावर जंगलजेटीची वाट पाहत बसलो असताना हा लेख लिहायचे ठरले. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातले हे खाडीकाठचे गाव. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांशी बोलणी करायला आम्ही दोघे-तिघे गेलो होतो. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांचे तिथे काय काम, असे कोणीही विचारील. तिथे नारळ-सुपारीच्या वाड्या, भाताची खाचरे आणि मासळी. इथे काळी रेगूर, पऱ्हाटी आणि धाट. पीक वेगळे, पाऊस वेगळा, भाकरीसुद्धा वेगळी. पण माणूस इथेही अनवाणी आणि तिथेही अनवाणी.

धक्क्यावर एक जण पायाला फडके गुंडाळून जाळे विणत बसला होता. विचारले, काय लागले? म्हणाला, "होडीचा खिळा घुसला." धनुर्वाताची सुई घेतली का? "घेतो की. लागलं की घेतो." याआधीची कधी घेतली होती? तो हसला. "ते काय कोण लिहून ठेवतं, साहेब?"

संध्याकाळी एका पडवीत बैठक झाली. नारळाच्या भावावर बोलून झाल्यावर आम्ही सहज विचारले, धनुर्वाताची सुई कोणी कोणी घेतली आहे? बायकांचे हात भराभर वर गेले. प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी घेतली होती. पुरुषांचे हात खालीच. एक म्हातारबुवा आठवून म्हणाले, वादळात पत्र्याने पाय कापला तेव्हा घेतली होती. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. पुढचे कित्येक दिवस लोक चिखलात उभे राहून पत्रे, खिळे, मोडलेली झाडे उपसत होते. अशा वेळी धनुर्वात येतो. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात त्याचे शंभरावर रुग्ण निघाले.

परत येताना आमच्या मनात मात्र किनारा नव्हता. आपल्याच भागातले एक वावर होते.

आम्ही पाहिले आणि बोललो नाही

पंधरा-सोळा वर्षे झाली. आम्ही कृषीची पदवी घेऊन नव्या हुरुपाने गावोगाव हिंडत होतो. एका कापूसवाल्याच्या शेतात कामगंध सापळ्यातले पतंग मोजत होतो. तो आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, हाडाचा शेतकरी. त्याच्या तळपायाला चिंधी बांधलेली होती. पऱ्हाटी उपटल्यानंतर राहिलेले खुंट टायरच्या चपलेतून आरपार गेले होते. "हळद भरली, वरून चुना-तंबाखू दाबला," तो म्हणाला. आम्ही मान हलवली आणि पुन्हा पतंग मोजू लागलो.

आठव्या दिवशी त्याचा जबडा आखडला. घरच्यांना वाटले, दाढ दुखते. मग गिळता येईना, तेव्हा वाटले, बाहेरचे काही असेल. दोन दिवस त्यात गेले. तालुक्याच्या ठिकाणी नेले तर तिथे प्रतिविष नव्हते, पुढे न्या म्हणाले. पुढे नेईपर्यंत अंग धनुष्यासारखे मागे वाकत होते. दार वाजले तरी झटका येई. आणि या आजारातली सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. त्याला सगळे कळत होते. बाराव्या दिवशी तो गेला.

सापळ्यात किती पतंग सापडले की फवारणी करायची, हे आम्हाला तोंडपाठ होते. समोरच्या माणसाच्या पायात काय शिरले आहे, ते आम्ही विचारले नाही. आम्हाला ते शिकवलेच नव्हते, ही सबब आहे. पण ती सबब त्याच्या बायकोला सांगण्याची हिंमत आम्हाला अजून झालेली नाही.

मातीतला भाऊ आणि मातीतला वैरी

खरे तर शिकवले होते, पण अर्धेच. मृदाशास्त्राच्या तासाला क्लोस्ट्रिडियम पाश्चरियानम नावाचा जिवाणू शिकवतात. हवा नसलेल्या जागी तो जगतो आणि हवेतला नत्र जमिनीत बांधतो. शेतकऱ्याचा तो मित्र. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याचा एक भाऊ आहे, तो जनावरांना फऱ्या आणतो. फऱ्या आपल्याला सांगायला नको. धडधाकट गोऱ्हा एका रात्रीत पाय सुजून मरतो. तिसरा भाऊ क्लोस्ट्रिडियम टेटॅनी. तो धनुर्वात आणतो. तिघेही एकाच कुळातले, तिघेही मातीतले.

धनुर्वाताचा जिवाणू घोड्या-बैलांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात राहतो, शेणातून जमिनीत येतो आणि तिथे बीजाणू होऊन वर्षानुवर्षे पडून राहतो. ज्वारीचा दाणा कणगीत जसा निपचित पडून असतो, तसाच. ऊन त्याला मारत नाही, दुष्काळ मारत नाही. साध्या उकळत्या पाण्याने तो मरेलच याचाही भरवसा नाही. दाबाच्या वाफेत १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावे तेव्हा तो मरतो. म्हणजे जमीन धुऊन काढता येणार नाही, उकिरडा बंद करता येणार नाही, शेणखत टाकणे तर सोडायचेच नाही. वैरी शेतातच राहणार हे धरून चालायचे.

बीजाणूला रुजायला पाणी-खत नको. त्याला हवा नसलेली जागा पाहिजे. उघडी, भळभळ वाहणारी जखम दिसायला भयंकर, पण तिच्यात हवा खेळते, रक्ताबरोबर घाण बाहेर येते. बाभळीचा काटा, ज्वारीचे धसकट, पऱ्हाटीचा खुंट, वखराच्या पासेचे टोक यांची जखम वरून तिळाएवढी दिसते. तोंड मिटते आणि आत खोल, मेलेल्या मांसात, हवेवाचून बीजाणू रुजतो. अनेकदा आजार उमटेपर्यंत जखम भरूनही गेलेली असते आणि माणसाला ती आठवतही नाही. पोराच्या फुटक्या कानात काडी घातली, तेवढेही पुरते.

गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो, असा समज आहे. गंजाचा दोष नाही. खिळा गंजला म्हणजे तो बरेच दिवस मातीत पडून होता, एवढाच त्याचा अर्थ. उकिरड्यावरून उचललेला चकचकीत विळा तितकाच घातक.

रुजलेला जिवाणू विष सोडतो. ते नसांवाटे मज्जारज्जूपर्यंत चढते. स्नायूंना "आता सैल हो" असा निरोप देणारी जी व्यवस्था शरीरात आहे, तीच ते बंद पाडते. मग स्नायू आवळतात ते आवळतातच. आधी जबडा, मग मान, पोट, पाठ. जखमेनंतर तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही, बहुधा आठवडाभराने, हे सुरू होते. सुश्रुतानेही या दशेला धनुःस्तंभ असे नाव दिले आहे. म्हणजे ही पीडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यालाही माहीत होती.

कापूसवाल्याला उपचाराचे गणित एका वाक्यात समजेल. गुलाबी अळी बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, आतल्या अळीला औषध लागत नाही. विष नसेत शिरले की तसेच. दवाखान्यात देतात ते प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष तेवढे बांधते, नसेत शिरलेले काढू शकत नाही. तिथून पुढे श्वास चालू ठेवत आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. उत्तम अतिदक्षता विभागातही दहातले एक-दोन जातात. तशी सोय नसेल तिथे बहुतेक जातात. जगलेल्याची जमीन बहुधा सावकाराकडे जाते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही. धनुर्वाताचे तसे नाही. माणूस मरायला लागणारे विष इतके थोडे असते की त्याने शरीराची तयारीच होत नाही. वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते.

शेजाऱ्याची सुई तुमच्या कामाची नाही

देवी गेली, पोलिओ गेला. पुरेशा लोकांनी लस घेतली की रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही, आणि न घेतलेलाही वाचतो. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, मातीकडून होतो. गावातल्या ९९ जणांनी लस घेतली तरी शंभराव्याला तिचा काडीचा उपयोग नाही. हे वैयक्तिक खाते आहे. ज्याने भरले त्यालाच व्याज.

सरकारने काही केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. झालेले काम मोठे आहे. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापायची, वर शेण-राख लावायची, आणि आठवड्याच्या आत बाळ दूध ओढेनासे व्हायचे, हे आपल्या आज्यांनी पाहिले आहे. काही दशकांपूर्वीपर्यंत भारतात नवजात बालकांच्या धनुर्वाताचे वर्षाला दीड ते दोन लाख रुग्ण होत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवतीला लस आणि दवाखान्यात बाळंतपण, या दोन गोष्टींनी ते बदलले. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण या निर्मूलनाचा अर्थ दर हजार जिवंत जन्मांमागे प्रत्येक जिल्ह्यात एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच आहे. माती होती तशीच आहे.

आमची तक्रार पुढे आहे. राष्ट्रीय वेळापत्रकात बालके आहेत, १० आणि १६ वर्षांची मुले-मुली आहेत, गर्भवती आहेत. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला आणि १९९० च्या सुमारास सर्व जिल्ह्यांत पोचला. त्याआधी जन्मलेला शेतकरी आज चाळिशी-पन्नाशीच्या घरात आहे. तोच वखर धरतो, तोच पऱ्हाटी उपटतो, तोच गोठा काढतो. वेळापत्रकात त्याच्या नावाचा रकाना नाही. बायकोचे कार्ड आहे, पोराचे कार्ड आहे, घरधन्याचे नाही. आणि जिचे शेवटचे बाळंतपण वीस वर्षांपूर्वी झाले, त्या माउलीचे कार्डही केव्हाच जुने झाले आहे. निंदायला, वेचायला, धसकटे वेचून जाळायला तीच जाते.

आता आपल्या गोठ्यात पाहा. मृगाच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस येतो. फऱ्याची लस, घटसर्पाची लस आपण बैलांना आठवणीने टोचून घेतो. नाही आला तर आपण त्याच्याकडे जातो. का? कारण बैलजोडीची किंमत आपल्याला पाठ आहे. फऱ्याच्या जिवाणूपासून बैल वाचवला आणि त्याच्याच सख्ख्या भावाला बैलाचा धनी मोकळा सोडला. शेतकऱ्याच्या जिवाला भाव नाही, असे आपण भाषणात सरकारला ऐकवतो. आपण तरी तो कुठे लावला?

एकोणीस माणसे आणि जमिनीवर पडलेला चिमटा

सुईची भीती वाटणारे अजूनही भेटतात. त्यांना आम्ही एक खरी गोष्ट सांगतो, लपवत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने तिथेच प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळला प्रयोगशाळा थाटली. १९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना ही लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनची नोकरी गेली, अब्रू गेली. पंजाबातली लसीकरणाची मोहीम बसली आणि प्लेगने माणसे मरत राहिली.

नंतर पुरावे पुन्हा तपासले गेले. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले होते. रोनाल्ड रॉससारख्या नामांकितांनी हाफकिनची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ साली तो निर्दोष ठरला. १९२५ पासून परळच्या त्या संस्थेला त्याचेच नाव आहे.

या गोष्टीतून आम्ही दोन धडे घेतो. पहिला, मारेकरी लस नव्हती, चिमट्याला लागलेली खेड्यातली माती होती. तीच माती आपण रोज तुडवतो. दुसरा, टोचणाऱ्याने स्वच्छता पाळलीच पाहिजे आणि ती पाहण्याचा हक्क टोचून घेणाऱ्याला आहे. सुई नवी आहे ना, पाकीट समोर फोडले ना, हे विचारायला लाजू नका. बियाण्याची पिशवी सील पाहून घेता, तसेच हे.

"लागलं की घेतो" यातली चूक

आगरदांड्याच्या भावाचे वाक्य आपल्याकडेही घरोघर ऐकू येते. त्यात चूक अशी: ज्याची मुळात लस झालेलीच नाही, त्याला जखमेनंतरची एक सुई त्या जखमेपुरती वाचवू शकत नाही. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडे लागतात, आणि विष तेवढे थांबत नाही. पाऊस सुरू झाल्यावर बांध घालायला घेण्यासारखे हे आहे. उलट ज्याचे डोस पूर्ण आहेत आणि नुकताच वाढीव डोस झाला आहे, तो दर ओरखड्याला सुई घेत सुटतो, तीही गरज नाही. दोन्हीचे मूळ एकच. हिशेब लिहिलेला नाही.

हिशेब सोपा आहे. ज्या प्रौढाला पूर्वी लस झाल्याची खात्री नाही, त्याने तीन डोस घ्यायचे: एक आज, दुसरा किमान चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर किमान सहा महिन्यांनी. पुढे एक-एक वर्षाच्या अंतराने दोन वाढीव डोस घेतले म्हणजे पाया पक्का झाला. त्यानंतर दर दहा वर्षांनी एक घेत राहावे. लसीचे नाव आता टीडी आहे. धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस तिच्यात असते (हा माणसांचा घशाचा घटसर्प, जनावरांचा वेगळा). जुनी टीटी जाऊन २०१९ पासून कार्यक्रमात हीच आली.

आपल्या कामाच्या दिनमानात हे असे बसते: बैलांना लस टोचाल त्याच आठवड्यात पहिला डोस. निंदणी-डवरणीच्या वेळी दुसरा. संक्रांतीला तिसरा. एका हंगामात काम फत्ते.

जखम झालीच तर? वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. माती, काटा, काडी आत राहू देऊ नका. हळद, चुना, तंबाखू, शेण, राख, तेलाची चिंधी यांतले काहीही आत दाबू नका. बीजाणूला हवाबंद घर बांधून देणेच ते. खोल किंवा मळलेली जखम असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शेवटची सुई कधी घेतली ते सांगा. मळक्या जखमेला पाच वर्षे आणि साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षे उलटली असतील तर वाढीव डोस लागतो. लस कधीच पूर्ण झालेली नसेल आणि जखम मळकी असेल तर सुईबरोबर इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिविषही लागते. डॉक्टरांना ते विचारा. आणि जखमेनंतर तीन आठवड्यांत जबडा आखडला, मान ताठली, गिळता येईना, तर दाढ नव्हे, बाहेरचे नव्हे. थेट मोठा दवाखाना.

आमचे मागणे आणि आमचे काम

सरकारकडे दोन मागण्या आहेत. एक, उपकेंद्राच्या लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी शेतकरी आणि शेतमजूर, बाई आणि पुरुष, सर्वांना टीडीचे तीन डोस मिळावेत आणि हातात कार्ड मिळावे. दोन, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाच्या लसीबरोबर धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिन बारा महिने असावे आणि शिल्लक किती ते बाहेरच्या फळ्यावर लिहावे. रेशन दुकानात साठ्याचा फलक लागतो, मग इथे का नको?

कोणी म्हणेल, किती जणांना होतो हा आजार? गावात पिढीत एखाद्याला. त्याच्यासाठी एवढा खटाटोप? आमचे उत्तर असे की, अवर्षण, बोंडअळी, पडलेला भाव यांतले काहीही एका सुईने टळत नाही. हे टळते. जे टळते तेही आपण टाळले नाही तर उरलेल्याबद्दल ओरडण्याचा आपला आवाज लटका पडेल. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली तेव्हा राज्यभर गहजब झाला, आणि तो योग्यच होता. खुंट घुसून मेलेल्याची मात्र बातमी होत नाही. तो एकेकटा मरतो.

म्हणून मागणी करून थांबायचे नाही. या जिल्हा मेळाव्यापासून प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. नाव, वय, पहिला, दुसरा, तिसरा डोस, पुढची तारीख. सालगड्याचे आणि वेचणीला येणाऱ्या बायकांचे नाव आधी, मालकाचे नंतर. कारण अनवाणी तेच जास्त असतात. वही घेऊन आरोग्यसेविका ताईंना भेटा, गावाचा दिवस ठरवून घ्या. पुढच्या बैठकीत भावाच्या चर्चेआधी ही वही वाचली जावी.

आमच्या स्वतःच्या डोसांची तारीख या वहीच्या पहिल्या ओळीत लिहिली आहे. ती लिहायला आम्हाला पंधरा वर्षे उशीर झाला. तुम्ही करू नका.